एलएनजीच्या टाकीला सूट देण्याआधी कुंपणापलीकडे या

प्रति,
मुख्य विस्फोटक नियंत्रक, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो), नागपूर
आणि
जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) साठवणुकीला सुरक्षा नियमांतून सूट देताना कुंपणाबाहेरच्या लोकांना विचारण्याबाबत

महोदय,

शिरोली एमआयडीसीत गेली 31 वर्षं माझी फौंड्री आहे. रोज चौदाशे-पंधराशे अंशांचं लोखंड ओततो, त्यामुळे आगीचं नाव काढलं की दचकणारा मी माणूस नाही. आणि गॅस नको म्हणून ओरडणाराही नाही. उलट मला गॅस हवा आहे. लेडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) तापवायला, कोअर ओव्हनला, हीट ट्रीटमेंटला आजवर जे जाळलं त्याचा धूर माझ्या आणि माझ्या कामगारांच्या छातीत आहे. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसची पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून जाते, याचा मला आनंदच झाला होता. म्हणजे हे पत्र विरोधकाचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे, एवढं आधी ध्यानात घ्या.

गेल्या हिवाळ्यात आम्हा कारखानदारांच्या एका बैठकीला एका कंपनीचा तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन आला. महामार्गालगत एलएनजीची साठवण टाकी बसवायची, तिथून ट्रकांना इंधन द्यायचं, आसपासच्या कारखान्यांना गॅस पुरवायचा, अशी योजना. चित्रं देखणी होती, दरही बरा होता. आमच्यातल्या एकानं विचारलं, जागा तर एवढीशी दिसतेय, एका बाजूला घरं, मागं ऊस, मग नियमातलं अंतर बसणार कसं? पोरगा हसला. म्हणाला, "सर, त्याचं रिलॅक्सेशन घेतो आपण. प्रोसेसमध्ये असतंच ते." आणि पुढची स्लाईड आली. मग चहा आला, आणि विषय दरावर गेला.

तो बढाई मारत असेल. विक्रीच्या माणसाच्या बोलण्यावर कुठल्या कार्यालयाला दोष देण्याइतका मी उथळ नाही. पण तो शब्द त्यानं ज्या सहजतेनं उच्चारला, ती मला खटकली. 'पार्किंगची सोय होईल' म्हणावं, तसं. घरी आलो तरी तो शब्द डोक्यातून जाईना. त्याचं कारण असं, की मी स्वतः एकदा अशी सूट घेतलेली आहे. ते पुढं सांगतो. आधी या वस्तूबद्दल थोडं, कारण हे पत्र आमच्या गावातली माणसंही वाचतील, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना एलएनजी म्हणजे मोठा सिलिंडर वाटतो.

आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर एलपीजीचा. तो दाबानं द्रव केलेला असतो. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो गारठवून द्रव करतात : उणे 162 अंश. आम्ही जितके वरच्या टोकाला काम करतो तितकं हे खालच्या टोकाचं. गारठवल्यावर त्याचा आकार सुमारे 600 पटींनी आकसतो, म्हणून तर ट्रकनं वाहून नेणं परवडतं. टाकी थर्मासच्या बाटलीसारखी असते : आत स्टेनलेस स्टील, बाहेर साधं पोलाद, मधे निर्वात पोकळी. तरीही थर्मासातला चहा निवतो, तसा हा उलट हळूहळू तापत राहतो आणि त्यातला थोडा थोडा भाग सतत वायू होत असतो. तो वायू वापरला गेला पाहिजे, नाहीतर टाकीतला दाब वाढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुराच्या वेळी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता त्याची चांगली बाजू. द्रव असताना तो नुसता पेटत नाही. वायू होऊन हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान मिसळला तरच पेट घेतो. ऊबदार झाला की हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. एलपीजीसारखा गटारात, तळघरात दबा धरून बसत नाही. समुद्रावर साठेक वर्षं त्याची जहाजं फिरताहेत आणि त्यांचा लौकिक चांगला आहे. हे सगळं त्या पोरानं सांगितलं, आणि ते खरं आहे.

त्यानं जे सांगितलं नाही, ते असं. सांडल्यावर पहिली काही मिनिटं हा वायू गारठलेला असतो, आणि गारठलेला असताना तो हवेपेक्षा जड असतो. म्हणजे जमिनीलगत सरपटत जातो, उताराकडे वळतो, ओढ्यात उतरतो. एक घनमीटर द्रव सांडला की 600 घनमीटर वायू, आणि तो मिसळत मिसळत 5 टक्क्यांवर आला की 12 हजार घनमीटर पेटण्याजोगी हवा. ट्रकच्या पंपाला लागते तशा टाकीत असे 50-60 घनमीटर द्रव मावतो. आणि त्याला वास नसतो. आपल्या सिलिंडरला जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. नळाच्या गॅसमध्येही मिसळतात. एलएनजीच्या थंडीत ते वासाचं द्रव्य गोठून जातं, म्हणून टाकीत ते घालताच येत नाही. घरातल्या बाईला गळती नाकानं कळते, ही जी आपली शंभर टक्के खात्री आहे, ती इथं चालत नाही.

दिसतं ते फक्त धुकं. हवेतली वाफ गारठून पांढरा ढग होतो. आता डिसेंबरच्या पहाटे पंचगंगेच्या काठानं कधी गेला असाल तर सांगा, त्या धुक्यात हे धुकं वेगळं कसं ओळखायचं? एप्रिलच्या कोरड्या हवेत तर आणखी फसगत, कारण तेव्हा पांढरा ढग दिसतो त्याच्या पलीकडेही पेट घेणारा वायू पसरलेला असू शकतो.

तर ती माझी सूट.

2006 साली माझ्याकडे फर्नेस ऑइलची टाकी होती आणि ती मागच्या भिंतीला नियमापेक्षा जवळ होती. जागा नव्हती, हे खरं. हलवायला खर्च होता, हेही खरं. मी अर्ज केला. एका कार्यालयातून एक साहेब आले, भले गृहस्थ होते, चहाखेरीज काही घेतलं नाही. त्यांनी अटींवर मान्यता दिली : भिंत दोन फूट वाढवा, वाळूच्या बादल्या ठेवा, अग्निशामक दोन ठेवा, आणि भिंतीमागची बोळ कायम मोकळी राहील अशी व्यवस्था करा. मी सगळं केलं. फोटो काढले, फाईलला लावले.

चार वर्षांनी एका संध्याकाळी लाईट गेली म्हणून मागच्या बाजूला डोकावलो, तर बोळीत एका काकूंची चहाची टपरी. स्टोव्ह भरात, आमचीच रात्रपाळीची पोरं वडापाव खात उभी, आणि भिंतीच्या अलीकडे हातभर अंतरावर माझी टाकी. टपरी तिथं तीन वर्षं होती म्हणे. मला पत्ता नव्हता. बोळ माझी नव्हती, तिला मोकळी ठेवण्याचा अधिकार मला नव्हता, आणि तरी ती मोकळी राहील या अटीवर मला सूट मिळाली होती. वाळूच्या बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या होत्या. अग्निशामकांपैकी एकाची मुदत संपलेली. फाईल मात्र बिनचूक.

काही झालं नाही. त्या महिन्यात मी टाकी हलवली, उसनवारी करून. हलवताना लक्षात आलं, की इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून सगळं नीट चाललंय असं मी धरून चाललो होतो. आणि ज्या काकूंच्या जिवावर मी तीन वर्षं माझा खर्च वाचवला, त्यांना मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला त्या तेव्हा तिथं नव्हत्याच.

सूट मागणाऱ्याची भाषा मला त्यामुळे आतून माहीत आहे. 'अंतर कमी असलं तरी तेवढीच सुरक्षा दुसऱ्या मार्गानं देतो.' अंतराच्या बदल्यात भिंत, भिंतीच्या बदल्यात गॅस डिटेक्टर, डिटेक्टरच्या जोडीला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, पाण्याचा पडदा, चोवीस तास माणूस. कागदावर बेरीज जुळते. पण अंतराला वीज लागत नाही. त्याला कॅलिब्रेशन लागत नाही, दिवाळीची सुट्टी नसते, ठेकेदार बदलला म्हणून ते विसरत नाही. बदल्यात दिलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी चालू ठेवावी लागते.

ही गोष्ट काही मी शोधून काढलेली नाही. गुऱ्हाळावर काहील उतरायची वेळ झाली की गुळव्या पोरासोरांना आधी लांब हाकलतो. त्याच्याकडे नियमाचं पुस्तक नसतं. जवळ उभं राहून काळजी घेण्यापेक्षा लांब उभं राहणं सोपं, एवढंच त्याला कळतं.

मोठ्या देशांत, मोठ्या पैशांत काय होतं तेही बघा. 8 जून 2022 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रीपोर्टच्या एलएनजी निर्यात केंद्रात स्फोट झाला. त्या देशाच्या एलएनजी निर्यातीतला सुमारे पाचवा हिस्सा तिथून जात होता, म्हणजे माणसांची, यंत्रांची कमतरता नव्हती. कारण काय निघालं? दाब सोडणारा एक सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीनंतर पुन्हा नीट कामात घेतला गेला नाही. पाइपाच्या तुकड्यात एलएनजी अडकला, तापला, फुगला, पाइप फुटला. आम्ही फौंड्रीवाले अशा गोष्टीला 'रात्रपाळीची चूक' म्हणतो. तिथं कुंपणाबाहेर कुणाला काही झालं नाही.

त्याआधी 2014 च्या 31 मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्या प्लिमथ गावाजवळच्या साठवण केंद्रात स्फोट झाला. यंत्राचे तुकडे उडाले आणि एलएनजीच्या टाकीत घुसले. पाच कामगार जखमी झाले, आजूबाजूचा दोन मैलांचा परिसर रिकामा करावा लागला. दोन मैल म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. महामार्गावरच्या कुठल्याही ठिकाणी उभं राहून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात किती गावं, किती शाळा येतात ते मोजा. टाकी लहान असेल तर वर्तुळ लहान होईल, मान्य. पण आमच्याकडची दाटीही तिथल्यासारखी नाही.

आणि सगळ्यात जुनी, सगळ्यात वाईट गोष्ट अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहराची. 20 ऑक्टोबर 1944. महायुद्ध चालू, निकेलची टंचाई. टाकीच्या पोलादात साडेतीन टक्के निकेल होतं. एवढ्या थंडीत ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. (आज या कामाला 9 टक्के निकेलचं पोलाद किंवा स्टेनलेस वापरतात, फौंड्रीतल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको.) टाकी फुटली, द्रव रस्त्यावर आला, गटारांत उतरला, तिथं वायू झाला आणि पेटला. सुमारे 130 माणसं गेली. गटारांची झाकणं उडाली, घरं आतून पेटली. आधीच्या तीन टाक्या काही वर्षं विनातक्रार चालल्या होत्या, म्हणून चौथीबद्दल कुणाला शंका आली नाही. टाक्या वस्तीला लागून होत्या, आणि सांडलं तर अडवून धरायला पुरेसा बांध नव्हता. टंचाईच्या काळात केलेली तडजोड, शेजारी वस्ती, आणि 'आजवर काही झालं नाही' हा अनुभव. त्या पोराच्या स्लाईडवरही या तीनपैकी दोन गोष्टी होत्या.

आपल्या देशातलं उदाहरण एलएनजीचं नाही, पेट्रोलचं आहे, पण सांगायला हवं. 29 ऑक्टोबर 2009 ला जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या तेल डेपोत गळती झाली. तासाभराहून जास्त वेळ पेट्रोल वाहत राहिलं, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि मग स्फोट झाला. आग अकरा दिवस चालली. लांबून बंद करायचा व्हॉल्व्ह चालू स्थितीत नव्हता, असं चौकशीत निघालं. म्हणजे अंतराच्या बदल्यात आपण ज्याच्यावर विसंबतो, नेमकं तेच.

आता कुंपणाच्या बाहेरचं बोलू, कारण नागपूरला बसून ते दिसणं अवघड आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. एलएनजीच्या जागेत आग पेटेल असं काही नको, मोबाईल नको, ठिणगी न देणारे दिवे हवेत, हे सगळं कुंपणाच्या आत होतं. कुंपणाच्या बाहेर आमच्याकडे काय होतं? ऊस तुटला की पाचट पेटवतात. करू नये, शेती खातं कंठशोष करून सांगतं, तरी पेटवतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री महामार्गावरून जाताना दोन्ही बाजूंना रांगोळीसारख्या आगी दिसतात. गुऱ्हाळाचं चुलवाण रात्रंदिवस धगधगतं. आमच्या फौंड्रीत फेटलिंगच्या (ओतलेली वस्तू घासून साफ करण्याच्या) ठिणग्या दारापर्यंत येतात. नकाशावर या जागेला 'शेतजमीन, रिकामी' असं लिहितात. कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या रानाला रिकामी जमीन म्हणणारा माणूस हंगामात इथं आलेला नसतो.

आणि त्या रानात माणसं आणि जनावरंही असतात. एलएनजी पेटला तर कुंपणाच्या हद्दीवर किती धग चालेल, याचा जगभर मानला जाणारा एक आकडा आहे : दर चौरस मीटरला 5 किलोवॅट. भर दुपारच्या उन्हाच्या साधारण पाचपट. यात अर्ध्या-पाऊण मिनिटात कातडीला फोड येतात. हिशेबामागचा विचार असा, की तेवढ्या वेळात माणूस पळून आडोसा गाठेल. धडधाकट माणूस गाठेलही. अंगणवाडीतली वीस पोरं आणि एक सेविका? ऊसतोडणीच्या खोपीत निजलेलं बीडचं कुटुंब? गोठ्यात दाव्याला बांधलेली म्हैस? मी स्वतः लेडलजवळ उभं राहून ही धग रोज सोसतो, पण माझ्या अंगात जाड कोट असतो, तोंडावर काच असते आणि ती कधी येणार ते मला माहीत असतं.

आग लागल्यावर गावातली माणसं पाण्याची बादली घेऊन धावतील, ही आपली रीत. एलएनजीच्या साचलेल्या डबक्यावर पाणी ओतलं तर ते आणखी जोरात उकळतं, वायू आणखी निघतो. ओल्या लेडलमध्ये लोखंड ओतल्यावर ते कसं उसळतं हे आमच्या नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. हे त्याच्याच नात्यातलं. इथं फेस लागतो, कोरडी पावडर लागते, पाणी फक्त शेजारच्या टाक्या थंड ठेवायला किंवा ढग अडवायला वापरायचं. कुंपणापलीकडच्या किती जणांना हे कुणी सांगितलंय?

आता पूर.

जिल्हाधिकारी साहेब, तुमच्या कार्यालयाला हे मी सांगायची गरज नाही, पण नागपूरसाठी सांगतो. आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि दिवसेंदिवस बंद राहिला. 2019 ला ट्रकांच्या रांगा मैलोन्‌मैल उभ्या होत्या. पंपांवरचं पेट्रोल रुग्णवाहिका आणि बचावाच्या गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. माझे निम्मे कामगार चिखली-आंबेवाडीकडचे; ते घराच्या माळ्यावर होते. माझ्या इंडक्शन फर्नेसमध्ये धातू असताना वीज गेली, जनरेटर वीस मिनिटांत बसला, आणि पाऊण टन लोखंड भट्टीत गोठलं. ते नंतर ब्रेकरनं फोडून काढलं. नुकसान पैशांचं होतं, भरून निघालं.

त्या दिवशी तिथं एलएनजीची भरलेली टाकी असती तर? ट्रक येत नाहीत, कारखाने बंद, म्हणजे गॅस कुणी वापरत नाही. थर्मासातला द्रव तापत राहतो, दाब चढत राहतो. टाकीला 'धरून ठेवण्याचे दिवस' ठरलेले असतात. ते संपले की सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू हवेत सोडतो. तो त्यासाठीच आहे, नाहीतर टाकी फुटेल. महामार्गावर अडकून पडलेल्या टँकरचंही तेच. त्याच्या मागं-पुढं दोनशे ट्रक, चालक स्टोव्हवर भात शिजवताहेत, शेजारच्या गावातल्या बाया त्यांना भाकरी आणून देताहेत, असं आमच्याकडे खरंच झालं. 22 जून 2002 ला स्पेनमध्ये तिविसा गावाजवळ एलएनजीचा एक टँकर उलटून पेटला आणि थोड्या वेळानं फुटला. चालक मेला, आणि सुमारे 200 मीटरवर उभी असलेली दोन माणसं भाजली.

मग सूट देताना घातलेल्या अटी पुरात कुठं जातात, ते बघा. चोवीस तास माणूस : तो घरी अडकला. अग्निशमन बंब पंधरा मिनिटांत : रस्त्यावर पाणी. डिटेक्टर, आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह : वीज नाही, बॅटरी किती तास? ठेकेदाराचा तज्ज्ञ पुण्याहून : किणीच्या पुढं येऊ शकत नाही. टाकी जर अर्धी रिकामी असेल आणि पाणी चढलं तर तरंगायला बघते, तिचं बूड किती घट्ट बांधलंय हा आणखी एक प्रश्न. एकच गोष्ट पुरातही जागेवर असते, टाकी आणि घर यांच्यातलं अंतर. आणि सूट मागितली जाते ती नेमकी त्याच्यावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की अंतराची सूट कुणालाही न विचारता मिळू नये.

सूट कधीच देऊ नये, असं मी म्हणत नाही. नवं तंत्र येतं, नियम मागं राहतात, अपवादाला जागा ठेवावी लागते, हे मला कळतं. पण सूट म्हणजे कंपनीचा खर्च कमी होणं आणि शेजाऱ्याचा धोका वाढणं, हा व्यवहार आहे. या व्यवहारात एक पक्ष खोलीत असतो, दुसऱ्याला खोली कुठं आहे हेही माहीत नसतं. अमेरिकेत एलएनजी केंद्राच्या सुरक्षा नियमांतून अशी खास परवानगी मागितली की तिथली नियामक संस्था राजपत्रात सूचना छापते, लोकांना म्हणणं मांडायला मुदत देते, आणि परवानगी दिली तर अटी आणि कारणं छापते. तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही, पण एवढं तरी होतं. आपल्याकडे सूट मिळाल्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करून कागद मिळवता येतो. तोवर पाया भरलेला असतो.

भोपाळनंतर आपण 1986 ला पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि 1989 ला धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे नियम केले. त्यात मोठ्या साठ्याच्या जवळ राहणाऱ्या लोकांना, अपघात झाला तर काय करायचं याची माहिती आधी द्यावी, अशी तरतूद आहे. जिथं सुरक्षा अंतर कमी करायची मागणी आली आहे, तिथं टाकी कितीही लहान असो, हीच रीत लावा. अर्ज आला की त्याची मराठीतली प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या, नकाशासकट, आणि त्या नकाशावर घरं, शाळा, गोठे, गुऱ्हाळं दाखवलेली असू द्या. ग्रामसभेत कंपनीनं येऊन सांगावं की अंतर का कमी करायचं आहे. उत्तर 'दुसरी जमीन महाग पडते' असं असेल तर ते ऐकून घेऊन अर्ज परत पाठवावा. जमीन महाग असणं हे सुरक्षेचं कारण नाही. माझ्या 2006 च्या अर्जातही खरं कारण तेच होतं, लिहिलं वेगळंच होतं.

सूट कायमची नको. तिला मुदत हवी, आणि मुदत वाढवण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष येऊन भिंतीच्या मागं डोकावलं पाहिजे. जी अट कंपनीच्या हातात नाही, म्हणजे शेजारची बोळ मोकळी ठेवणं, पलीकडच्या शेतात घर न होऊ देणं, ती अट म्हणून धरूच नये. कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात 42 गावं आहेत आणि त्यांतल्या महामार्गाकडच्या शिवारांत दर वर्षी घरं वाढताहेत. आज ज्या टाकीचं अंतर नियमात बसतं ते पाच वर्षांनी बसणार नाही, मग टाकी हलवायची की सूट द्यायची, असा प्रश्न येईल आणि उत्तर ठरलेलं असेल. बांधकाम परवानगी देणारा आणि टाकीला परवाना देणारा यांनी एकच नकाशा समोर ठेवला तर हे टळेल. आज त्यांच्या फायली एकमेकींना भेटत नाहीत.

आणि पुराच्या रेषेच्या आत अंतराची सूट नकोच. यात मला तडजोड दिसत नाही. पाणी 43 फुटांवर जाण्याचा अंदाज आला की टाकीत साठा किती ठेवायचा, टँकर कुठं अडवायचे, हे जिल्ह्याच्या पूर आराखड्यात लिहिलेलं असावं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मुख्य महामार्गांवर एलएनजीचे पहिले 50 पंप उभारायची पायाभरणी केली, तेव्हापासून हे टँकर आमच्या रस्त्याला नवे राहणार नाहीत, हे उघड आहे. जून उजाडायच्या आत हा परिच्छेद लिहायला कुणाची सूट लागत नाही.

साप म्हणून मी भुई धोपटतोय असं तुम्हाला वाटेल. माझ्या थोरल्या मुलालाही वाटतं. तो म्हणतो, बाबा, गॅस आला तर टनामागं आपले पैसे वाचतील, कशाला वाकड्यात शिरता. त्याचंही खरं आहे. गॅस आला की पहिली जोडणी मीच घेईन, आणि टाकी उभी राहील तिथून पाइप माझ्या दारापर्यंत येऊ दे. फक्त ती नियमाच्या अंतरावर उभी राहू दे.

मागच्या रविवारी मी आणि आमचा फिटर 50 मीटरची टेप घेऊन त्या पोरानं स्लाईडवर दाखवलेल्या जागेवर गेलो. जागेचं नाव इथं लिहीत नाही. अर्ज झाला आहे की नाही हे तुम्हीच जाणता. चारही बाजूंनी मोजलं. घर, गोठा, गुऱ्हाळ, अंगणवाडी, विहीर, ओढा. एका घरातल्या आजींनी विचारलं, "रस्ता हुतोय व्हय?" आम्ही खरं ते सांगितलं. त्या टेपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नीट ताणून धरा, मधे झोळ पडलाय.

मोजमापाचा कागद या पत्रासोबत स्पीड पोस्टनं दोन्ही कार्यालयांना पाठवला आहे. आपला माणूस पाठवणार असाल तर टेप आमची वापरा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर ओढ्याचं पाणी कुठवर येतं तेही बघून होईल. येताना गाडी किणीच्या अलीकडे लावावी लागली तर फोन करा, ट्रॅक्टर पाठवतो.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्रीवाला